रात्रपाळीतली प्रार्थना, पाण्याचा दिवस आणि लेवीयमध्ये अडकलेलं वाचन : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

रोजच्या प्रार्थनेबद्दल आणि वचन, म्हणजे बायबल, वाचण्याबद्दल सोलापुरातून आणि आसपासच्या गावांतून बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही आज घेतेय. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, की जमत नाही, जमत नाही म्हणून वाईट वाटतं आणि वाईट वाटतं म्हणून अजूनच टाळलं जातं. माझं म्हणणं आधीच सांगते म्हणजे पुढची उत्तरं कळायला सोपी जातील. रोजची भक्ती लहान ठेवा, इतकी लहान की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा होईल, आणि तुमच्या दिवसात जी गोष्ट ठरलेलीच आहे तिला ती बांधून टाका. वाढवायची असेल तर ती आपोआप वाढते, त्याची घाई नको.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, बारा बारा तास. चर्चमध्ये सांगतात पहाटे उठून प्रार्थना करा. माझी पहाट मागासमोर होते आणि घरी आलो की झोपतो. माझं चुकतंय का?

नाही भाऊ, चुकत नाही. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला असं मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात आहे हे खरंच, पण तोच येशू एकदा अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत होता असं लूकच्या सहाव्यात आहे, आणि प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला तर तुरुंगात मध्यरात्री गाणी म्हणत होते. पहाटेची वेळ चांगली असते कारण तेव्हा शांतता असते, बाकी देवाला कुठलीही पाळी चालते.

तुमच्यासाठी तर एक स्तोत्रच आहे, 134 वं. फक्त तीन ओव्या, आणि ते रात्री मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच लिहिलंय. रात्रपाळीच्या आठवड्यात डबा उघडायच्या आधी तेवढंच म्हणा, दोन-तीन रात्रींत पाठ होईल. दिवसपाळीला 121 घ्या, आठ ओव्यांचं आहे. झालं, दोन पाळ्यांची दोन स्तोत्रं.

आणि मागावर असतानाची गोष्ट. धागा तुटतो, माग थांबतो, तुम्ही गाठ मारून परत चालू करता, हे दिवसभरात किती वेळा होतं ते तुम्हालाच माहीत. नहेम्या राजापुढे उभा होता, राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायच्या आधी त्या मधल्या क्षणात त्याने देवाची प्रार्थना केली, नहेम्याच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात बघा, डोळे मिटायला किंवा गुडघे टेकायला वेळच नव्हता. तसं गाठ मारताना एक वाक्य म्हणा, बायकोचं नाव, पोराचं नाव, शेजारच्या मागावरच्या माणसाचं नाव घेऊन. मागांच्या खडखडाटात मोठ्याने म्हटलं तरी कुणाला ऐकू जात नाही, ही सोय आमच्यासारख्या पातळ भिंतींच्या घरात राहणाऱ्यांना नाही. फक्त डोळे उघडे ठेवा, मशीनसमोर डोळे मिटून प्रार्थना अजिबात करायची नाही.

प्रश्न : मी विड्या वळते. घरी तेलुगू बोलतो, मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं आणि आता डोळ्यांनी पण बारीक अक्षर दिसत नाही. वाचन होत नाही तर विश्वास कसा वाढणार?

अक्का, छापलेलं बायबल घरोघरी यायच्या आधी शेकडो वर्षं बहुतेक विश्वासणारे ऐकूनच शिकले. पौल रोमकरांना लिहितो की विश्वास ऐकण्याने होतो, वाचण्याने होतो असं तो म्हणत नाही. मोबाईलवर तेलुगू आणि मराठी दोन्ही बायबल फुकट ऐकायला मिळतं, नातवाला सांगा, तो दोन मिनिटात लावून देईल. तेलुगूतच ऐका. प्रार्थना ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत करावी असं मला मनापासून वाटतं, चर्चमध्ये मराठी चालतं म्हणून घरी देवाशी मराठीतच बोलायला पाहिजे असं काही नाही.

आता ऐकलेलं टिकवायचं कसं. तुमचे हात कामात असतात पण तोंड मोकळं असतं. पान कापून, तंबाखू भरून, वळून, दोरा बांधून पंचवीस विड्यांची जुडी होते ना, तर एक जुडी होईपर्यंत एकच ओळ म्हणत राहायची. 23 व्या स्तोत्राची पहिली ओळ, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. दुसऱ्या जुडीला पण तीच. पुढची ओळ उद्या. आठवडाभरात अख्खं स्तोत्र हातात बसलेलं असेल, आणि हजार विड्या वळणाऱ्या बाईला दिवसात जेवढ्या वेळा वचन म्हणता येतं तेवढं आम्हा पुस्तक घेऊन बसणाऱ्यांना येत नाही. शेजारच्या दोघी-तिघी एकत्र बसून वळत असाल तर एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागे म्हणायचं, यालाच घरसभा म्हणा, वेगळी काढायची गरज नाही.

प्रश्न : दर जानेवारीत एका वर्षात बायबल वाचायचं ठरवते, फेब्रुवारीत लेवीयमध्ये अडकते आणि सोडते. शिवाय आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं, ते पण कधी रात्री दोनला कधी पहाटे, त्या दिवशी तर काहीच होत नाही.

बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, वर्षात संपवायचे म्हणजे रोज तीनच्या वर. उत्पत्तीचे 50, निर्गमचे 40, मग लेवीयचे 27, आणि त्यात बळी कसे अर्पायचे, कुठला कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे कुणी समजावून सांगितल्याशिवाय वाचलं तर माणूस अडकणारच. यात तुमची भक्ती कमी पडली असं काही नाही, सुरुवातच अवघड जागेहून केली.

माझा सल्ला, वर्षाची योजना यंदा सोडून द्या. मार्क घ्या, 16 अध्याय आहेत, रोज अर्धाच वाचा आणि तोच अर्धा दुसऱ्यांदा वाचा. पहिल्यांदा आपण गोष्ट वाचतो, दुसऱ्यांदा माणसं दिसायला लागतात. त्यानंतर लूक, मग प्रेषितांची कृत्ये. सोबत नीतिसूत्रे ठेवा, 31 अध्याय आहेत म्हणजे तारखेला तारखेचा अध्याय, आज बारा तारीख तर बारावा, खुणेची दोरी पण लागत नाही. लेवीय नंतर वाचायचंच आहे, पण इब्री लोकांस पत्र हातात घेऊन, मग ते बळी कशासाठी होते हे उलगडतं.

भाषा जड वाटत असेल तर ते पण बोलून टाका. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या शिकलेल्या बाईला कळावं म्हणून, आणि 1922 मध्ये त्या वारल्या त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं केलं. एवढे कष्ट कुणीतरी घेतले ते आपल्याला कळावं म्हणूनच ना, मग न कळलेलं विचारायला लाजायचं कशाला. आता सोप्या मराठीतली भाषांतरं पण मिळतात, ती वापरायला काहीच हरकत नाही.

पाण्याच्या दिवसाचं वेगळं ठरवून ठेवा, आधीच. त्या दिवशी वाचन नाही, फक्त प्रभूची प्रार्थना, पिंप भरेपर्यंत सावकाश. आणि चुकलेल्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही हा नियम पाळा. भरून काढायला गेलं की दोनाचे चार, चाराचे आठ अध्याय होतात आणि मग पुस्तक बंद.

प्रश्न : मी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचनाचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि सात-आठ ग्रुपवर टाकतो. एवढं पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. पाठवायच्या आधी ते वचन ज्या अध्यायातलं आहे तो अध्याय उघडून वाचा, मग पाठवा. ग्रुप कमी झाले तरी चालतील.

प्रश्न : संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना घेतो. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. दोघं तोंड पाडून बसतात, मुलगा खाली मोबाईल बघतो. सक्ती करावी का?

बसायची सक्ती करा, चेहऱ्याची नको. आणि आधी तुमच्या प्रार्थनेकडे बघा, हे मी जरा स्पष्टच लिहितेय कारण बऱ्याच घरांत ऐकलंय. "हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव, आईवडिलांचं ऐकायला शिकव." पोराला बरोबर कळतं की ही प्रार्थना देवाला चाललीये का त्याला. बापाने जे तोंडावर बोलायचं ते डोळे मिटून देवाच्या नावाने बोललं की मूल प्रार्थनेपासूनच लांब जातं. पोरासमोर त्याच्याबद्दल फक्त आभार माना, तक्रारी रात्री एकटे असताना सांगा.

दुसरं, वेळ दहा मिनिटं, घड्याळ लावून. अर्धा तास प्रार्थना घेणाऱ्या घरांत मुलं शेवटचं आमेन कधी येतंय याचीच वाट बघत असतात. तिसरं, कामं वाटा, एक दिवस मुलीने गाणं निवडायचं, एक दिवस मुलाने वाचायचं आणि वाचणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा, कितीही वेडावाकडा असला तरी. नोहाच्या तारवात शेण कुठे टाकत होते असं विचारलं तर हसा, आणि माहीत नाही म्हणा. प्रश्न विचारता येतो एवढं जरी त्याला या घरात कळलं तरी कॉलेजला पुण्याला गेल्यावर तो टिकायची शक्यता जास्त.

गाण्यांत नारायण वामन टिळकांची भजनं घ्या, अभंगाच्या चालीवरची. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पण त्यांची गाणी आजही पेटी आणि टाळ असले की पोरांच्या तोंडात लगेच बसतात. आजी असेल घरात तर तिला पुढे करा. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता असं पौल लिहितो, आजीचं नाव पत्रात येणं ही लहान गोष्ट नाही. आणि हो, तुमचा मोबाईल पण त्या दहा मिनिटांत दुसऱ्या खोलीत.

प्रश्न : माझं लग्न हिंदू घरात झालंय. नवरा चांगला आहे, चर्चला अडवत नाही, पण घरात बायबल उघडलं की सासूबाईंचा चेहरा बदलतो. लपून प्रार्थना करते, ते खोटं वाटतं.

ताई, दार लावून प्रार्थना कर हे येशूनेच सांगितलंय, मत्तयच्या सहाव्यात, तेव्हा एकांत म्हणजे खोटेपणा नाही. पण कपड्यांच्या खाली बायबल ठेवू नका, सापडलं की चोरी वाटते. एकदा शांतपणे सांगा, "आई, मी दुपारी जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं वाचत बसते," आणि रोज त्याच वेळी त्याच जागी बसा. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं नवल आठवड्याभरात संपतं. त्यांच्या देवघराबद्दल, गड्ड्याच्या जत्रेबद्दल, वाद तर घालूच नका आणि टोमणा पण नको. पेत्र बायकांना लिहितो की वचन न मानणारे नवरेही शब्दांशिवाय, वागणुकीने मिळतील. शब्दांशिवाय हे लक्षात ठेवा. आणि चर्चच्या प्रार्थनासभेत उभं राहून सासरच्यांची नावं घेऊन विनंत्या सांगू नका, आपलं गाव लहान आहे, दोन दिवसांत घरी पोचतं.

प्रश्न : आई जाऊन काही महिने झाले. आमच्यासाठी रोज प्रार्थना करणारी तीच होती. आता मी गुडघ्यावर बसतो आणि काहीच येत नाही, शब्दच नाहीत. देव ऐकतो असं वाटत नाही. लोक म्हणतात विश्वास ठेव.

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. लोक म्हणतात त्यांच्यावर रागावू नका, त्यांना पण काय बोलावं ते सुचत नसतं.

88 वं स्तोत्र काढा. मुद्दाम सांगतेय, कारण ते चर्चमध्ये फारसं वाचलं जात नाही. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, 13 वं बघा, "किती काळ" म्हणून सुरू होतं आणि गाण्यावर संपतं, पण 88 वळत नाही. ते अंधारावरच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही, कुणी खाली आशेची ओळ जोडली नाही. म्हणजे अशी प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच आहे. तुम्ही ते मोठ्याने वाचा, तेवढंच. शब्द तुमचे नसले तरी चालतात. आणि तेही जमलं नाही तर नुसते बसा. आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो हे रोमकरांस पत्राच्या आठव्यात आहे, आणि ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

दुसरी गोष्ट माझ्या फार जवळची आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघात झालेल्याला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. त्या पडलेल्या माणसाने तोंडातून एक शब्द काढल्याचा उल्लेख नाही. तर काही दिवस तुम्ही खाटेवर असा, काही हरकत नाही, पण उचलणारी माणसं सांगून ठेवा. चर्चमधल्या एका माणसाला फोन करा, दहा नको, एकच, आणि म्हणा, "रात्री आठला पाच मिनिटं ये, तू प्रार्थना कर, मी नुसता बसतो." आईचं बायबल असेल तर तिने ज्या ओळींखाली रेघ मारलीये त्यातली एक त्याला वाचायला द्या. ती तुमच्यासाठी काय मागत होती ते बहुतेक तिथे सापडेल.

झोप आणि जेवण गेलं असेल आणि ते आठवड्यामागून आठवडे तसंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वासाची कमी नाही. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, मग परत झोपू दिलं, परत खायला दिलं.

प्रश्न : लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, चाळीस दिवस उपास धरायचाय. वय 61, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. धरू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यात आपल्याकडे लेंट म्हणजे उन्हाळाच लागलेला असतो, पाणी तर अजिबात सोडू नका. यशयाच्या 58 व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कुठला ते सांगितलंय, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, उघड्याला कपडे देणं. तेव्हा जेवण वेळेवर घ्या, गोळी वेळेवर घ्या, आणि दुसरं काहीतरी सोडा, संध्याकाळच्या सिरीयल सोडल्यात तरी रोजचा तास-दीड तास निघतो. त्या वेळात जिना चढता न येणाऱ्या कुणा म्हाताऱ्या सभासदाकडे जाऊन बसा, जाताना दोन कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, आणि दात नसतील तर भाकरी दुधात कुस्करून द्या.