सील तुटले म्हणून हमी संपते का?

आपले पत्र आणि सोबतची कागदपत्रे वाचली. सांगलीतील अधिकृत विक्रेत्याकडून आपण ५८,००० रुपयांना कंपनीने जुळवलेला डेस्कटॉप घेतला आणि त्यावर तीन वर्षांची हमी मिळाली. दहाव्या महिन्यात जवळच्या एका दुकानदाराकडून आपण त्यात ८ जीबीची आणखी एक रॅम आणि एक लहान ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले, आणि त्यानंतर सात आठवड्यांनी मदरबोर्ड बंद पडला. कंपनीच्या तंत्रज्ञाने कॅबिनेटच्या स्क्रूवरील फाटलेल्या स्टिकरचा फोटो काढला, जॉबशीटवर, म्हणजे तपासणीच्या नोंदपत्रकावर, ‘सील तुटलेले, हमी रद्द’ एवढेच लिहिले आणि नव्या बोर्डासाठी १४,२०० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. हे कायद्याला धरून आहे का, असे आपण विचारले आहे.

उत्तराआधी एक विनंती. येत्या रविवारी त्याच दुकानदाराकडून बोर्ड ‘एकदा बघून घेणार’ असे आपण शेवटी लिहिले आहे. ते कृपया करू नका. या वादातला सर्वांत मोठा पुरावा तो बोर्डच आहे, आणि त्यावर एकदा कोणाची सोल्डरिंग गन फिरली की तो आधी कशाने गेला होता, हे नंतर कोणत्याही तज्ज्ञाला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आता हमीकडे वळू. हमी हा करार आहे आणि करारात जे लिहिले आहे तेच कंपनीला मागता येते. आपण पाठवलेल्या हमीपत्रातील कलमाचा आशय असा आहे की, अनधिकृत व्यक्तीने केलेल्या बदलांमुळे झालेले नुकसान हमीत येणार नाही. सारा वाद त्यातील ‘मुळे’वर उभा आहे. स्टिकर फाटले की संपूर्ण हमी संपते, असे त्या पत्रात कुठेही नाही. उलट कंपनीच्याच माहितीपुस्तिकेत दुसऱ्या खाचेत रॅम कशी बसवावी हे चित्र काढून दाखवले आहे, आणि झाकण न उघडता ती बसवण्याची युक्ती मला तरी ठाऊक नाही. अपवादाच्या कलमाचा आधार घेणाऱ्याने तो अपवाद लागू होतो हे दाखवून द्यायचे असते. बदलामुळेच बोर्ड गेला, याबद्दल जॉबशीटवर एक अक्षरही नाही.

अशी स्टिकरे बेकायदा आहेत असे आपण इंटरनेटवर वाचलेत, पण ती चर्चा बहुतांशी अमेरिकेतील १९७५ च्या हमीविषयक कायद्याची असते. तो कायदा आपल्या ग्राहक आयोगापुढे उपयोगाचा नाही. आपल्याकडे जवळचा आधार म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेला आदेश. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट हमी रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले आहे. तो आदेश मोटारींचा आहे, त्यावर पुढे अपिलेही झाली, आणि तो ग्राहक आयोगावर बंधनकारक नाही. तरीही युक्तिवादात त्यामागील तर्क जरूर मांडावा.

आपली कमकुवत बाजूही सांगतो. ग्राफिक्स कार्डाला वेगळी पॉवर केबल नाही, म्हणजे ते खाचेतूनच वीज घेते आणि त्या खाचेची मर्यादा ७५ वॉट असते. परंतु आपल्या यंत्राचा एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा संच, १८० वॉटचा आहे. एकूण भार त्याला पेलत होता का, हा प्रश्न कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला विचारील. शासकीय तंत्रनिकेतनातील एखाद्या अध्यापकाकडून याबद्दल लेखी अभिप्राय घ्यावा. बोर्ड कार्डाच्या खाचेपाशीच जळलेला निघाला, तर कंपनीविरुद्धचा दावा बहुधा टिकणार नाही आणि आपल्याला त्या दुकानदाराकडेच भरपाई मागावी लागेल. त्याने साध्या चिठ्ठीवर हिशेब दिला आहे. तारीख, भागांची नावे आणि केलेले काम लिहिलेले रीतसर बिल त्याच्याकडून आजच मागून घ्या.

डेस्कटॉपचे बिल आपल्या शिकवणीवर्गाच्या नावे असल्यामुळे ‘हा व्यापारी वापर आहे, आपण ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. वर्ग आपण एकटेच चालवता आणि चरितार्थ त्यावरच आहे, ही वाक्ये तक्रारीत स्पष्टपणे आली पाहिजेत. ती राहून गेल्यामुळे चांगली प्रकरणे बुडालेली मी पाहिली आहेत.

प्रथम कंपनीला आणि विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांत तांत्रिक कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवा, कारण एवढ्या रकमेचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. डेस्कटॉपसाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. यंत्राची तपासणी प्रयोगशाळेकडून व्हावी, अशी मागणी याच कायद्याच्या कलम ३८ खाली करता येते. मात्र हमीपत्रातील कलमच अनुचित करार म्हणून रद्द करावे, अशी मागणी त्याच अर्जात घालू नका. तो अधिकार राज्य आयोगाचा आहे, आणि आपल्याला बोर्ड हवा आहे, तत्त्वाचा निवाडा नव्हे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही.

विद्यार्थ्यांच्या नोंदी त्या यंत्रातील एसएसडीमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या भागात, अडकल्या आहेत, ही अडचण खरी आहे. ती एसएसडी कंपनीच्या तंत्रज्ञाने आपल्यासमोर काढून द्यावी आणि तशी नोंद जॉबशीटवर करावी, अशी मागणी नोटिशीतच करा. त्यांनी नकार दिल्यास दोन साक्षीदारांसमोर, कॅबिनेट उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत सलग चित्रीकरण करत ती काढा, आणि बाकी कशालाही हात न लावता कॅबिनेट कागदाने बांधून त्यावर तिघांच्या सह्या घ्या.