चिंता कमी झाली, तरी छातीतली धडधड आणि हाताच्या मुंग्या का जात नाहीत?

परीक्षा संपून दोन महिने झाले, मन शांत आहे, तरी धडधड, मुंग्या आणि मानेचा ताठरपणा तसाच, असं तुम्ही लिहिलंय. मीही यातून गेलोय. हा त्रास खरा आहे, तुम्ही नाटक करत नाही.

आधी एकदा डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ बघून घ्या. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. रिपोर्ट नॉर्मल आले की मात्र तपासण्या थांबवा. मी दिवसातून वीसदा नाडी बघायचो, आणि त्या बघण्यानंच ती वाढायची.

मुंग्यांचं कारण बऱ्याचदा श्वासात असतं. भराभर, वरवर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं, ओठ झिणझिणतात. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं. त्रास नसतानाही रोज करा.

मला खरा फरक कोल्हापुरात रंकाळा तलावावर पडला. सकाळी भरभर चालताना छाती धडधडली की परत फिरावंसं वाटे. तरी चालत राहिलो, आणि हळूहळू, काही आठवड्यांनी, त्या धडधडीची भीतीच गेली. चहाही कमी करा, कोल्हापुरात अवघड आहे तरी.

छातीत दुखून घाम फुटला किंवा चक्कर येऊन पडलात तर थेट दवाखाना गाठा. झोप उडाली असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटा, किंवा १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.