खातं मायनसमध्ये गेलंय, आता पोलिस येतील का?

पैशाची भानगड आमच्या समुपदेशन कक्षात बहुतेक वेळा दुसऱ्याच नावाने येते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ‘झोप लागत नाही’ म्हणून आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बोलता बोलता कळलं, बँकेचा मेसेज वाजला की ती मोबाइल पालथा घालून ठेवते. बचत खातं मायनस दाखवत होतं.

“मॅडम, मी कर्ज घेतलेलंच नाही, तरी बँकेचे पैसे माझ्याकडे निघतायत. पोलिस घरी येतील का? सिबिल खराब होईल का? बाबांना कळलं तर?” सगळं एका दमात. खरी झोप उडवणारा प्रश्न मात्र तिने बऱ्याच वेळाने विचारला: शिष्यवृत्ती याच खात्यात येणार आहे, ती बँक कापून घेईल का?

पोलिसांचं उत्तर सोपं होतं. किमान शिल्लक नाही म्हणून लागलेला दंड हा काही गुन्हा नव्हे. सिबिलमध्ये कर्जं आणि क्रेडिट कार्डं यांचा हिशोब असतो, बचत खात्यात पैसे कमी होते याची नोंद तिथे होत नाही. मंजूर करून घेतलेला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त पैसे काढायची सोय असेल तर गोष्ट वेगळी, ते कर्जच. पण तिने तसं काही घेतलं नव्हतं.

शिष्यवृत्तीची भीती मात्र खोटी नव्हती. दंड थकलेला असला की खात्यात पैसे पडताच तो वळता होतो, आणि हे मुलांना पैसे गेल्यावरच कळतं. म्हणून तिला सांगितलं, रडायचं नंतर बघू, आधी स्टेटमेंट काढून आण.

तिच्या डोक्यात सगळी कपात म्हणजे एकच गोष्ट होती: ‘बँकेने खाल्ले’. दोन रंगांची पेनं घेऊन आम्ही एकेक ओळ बघितली. निळ्याने किमान शिल्लकेचा दंड. एका महिन्यात १९२ रुपये आणि त्याखाली वेगळ्या ओळीत ३४ रुपये ५६ पैसे, म्हणजे १८ टक्के जीएसटी. लाल पेनाने मोबाइलच्या हप्त्याचे बाउन्स चार्जेस, म्हणजे खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला त्याचा दंड. हप्ता या खात्यातून जातो हेच ती विसरली होती.

“पण मॅडम, महिन्याच्या शेवटी मी पाच हजार ठेवतेच की!” ठेवत होती, खरं आहे. पण अट सरासरी शिल्लकेची होती. रोजच्या शिल्लकेची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. ३० दिवसांपैकी शेवटचे तीनच दिवस ५,००० रुपये असले आणि बाकी दिवस शून्य, तर सरासरी येते फक्त ५००. हे तिला खातं उघडताना कुणी सांगितलं नव्हतं.

आता भांडायचं कशावर? रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं आणि शिल्लक भरून काढायला निदान महिनाभर द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. बँकेने कळवलंच नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण खातं अकरावीत उघडलेलं, नंबर बाबांचा जुना, आता बंद पडलेला. बँक म्हणणार, आम्ही मेसेज पाठवला. तिथे अडकण्यात अर्थ नव्हता. मायनसचा मुद्दा मात्र त्यांच्याच कागदावर छापलेला होता. बाउन्स चार्जेस सोडून दे, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. तो नियम या चार्जेसना लागू नाही, आणि हप्ता खरंच चुकला होता. तिला ते आवडलं नाही, कारण मोठी रक्कम तीच होती.

अर्जाचा पहिला खर्डा तिने आणला, त्याची सुरुवात: ‘मी गरीब कुटुंबातील विद्यार्थिनी असून कृपया दंड माफ करावा.’ माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतं. माफी मागितली की समोरचा उपकार करायचा की नाही ते ठरवतो. ते वाक्य काढलं. त्याजागी आलं: ‘किमान शिल्लकेच्या दंडामुळे माझे खाते उणे झाले आहे. ही आकारणी कोणत्या नियमाने केली, ते लेखी कळवावे व रक्कम परत जमा करावी.’

काउंटरवर तिला नेहमीचं उत्तर मिळालं, “सिस्टीमच कापते, आमच्या हातात नाही.” वाद न घालता तिने अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या नावे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतली. पोच नसलेली तक्रार म्हणजे तोंडी गप्पा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. तिला तिथवर जावं लागलं नाही. निळ्या पेनाच्या ओळी जीएसटीसकट परत आल्या.

बाबांना तिने स्वतःच सांगितलं, नंबर बदलायचा होताच. ते चिडले, पण मोबाइलचा हप्ता लपवला म्हणून; बँकेबद्दल फार बोलले नाहीत. पुढे तिने खातं मूलभूत बचत खात्यात बदलून घेतलं. त्याला किमान शिल्लकेची अट नसते, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शिष्यवृत्ती तिथेच जमा झाली, आणि मोबाइलचे उरलेले हप्ते तिने त्यातून एकदमच भरून टाकले. मला विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. तिने विचारलं नाही.