कलमात न सापडणारी परिषद

प्रश्न : मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो. नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर टीव्हीवर सुरक्षेची बैठक दाखवत होते, तेव्हा मी म्हटलं, ‘हीच ती राष्ट्रीय सुरक्षा परिषद.’ नातू म्हणाला, ‘नाही आजोबा, ही मंत्रिमंडळाची समिती, परिषद वेगळी.’ त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये परिषदेला ‘घटनात्मक संस्था’ म्हटलंय, पण कलम काही सापडत नाही. खरं काय? आणि सगळं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारच ठरवत असेल, तर मंत्री कशाला? – एक वाचक, वरणगाव

उत्तर : नातू पास, नोट्स नापास. कलम सापडणार नाही, कारण ते नाहीच. घटनेच्या २६३ व्या कलमात आहे ती आंतरराज्य परिषद. नोट्स लिहिणाऱ्याची तिच्याशी गल्लत झाली असावी. सुरक्षा परिषदेसाठी संसदेने कायदाही केलेला नाही. अमेरिकेने १९४७ मध्ये ट्रुमन यांच्या काळात कायदा करून आपली परिषद स्थापन केली. आपली उभी आहे ती सरकारी निर्णयावर.

पहिला प्रयत्न १९९० चा, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारचा. परिषद जाहीर झाली, एकदा बसली, सरकार पडलं आणि फाईल बंद. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, तेव्हा विषय पुन्हा निघाला. अण्वस्त्रं हाती आली. आता लष्कर, परराष्ट्र, पैसा आणि हेरखातं यांनी आपापल्या खोलीत बसून चालण्यासारखं नव्हतं. कृष्णचंद्र पंत, जसवंतसिंह आणि जसजीतसिंह यांच्या गटाने आराखडा दिला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने परिषद स्थापली. ब्रजेश मिश्रा पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. ते पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते, म्हणजे दोन नांगर, एक बैलजोडी.

सहा महिने होतात न होतात तोच कारगिल. घुसखोर शिखरांवर येऊन बसले तरी आपल्याला वेळेवर कळलं नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने चौकशी केली. माहितीचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांत पडून राहतात, एकमेकांना दिले जात नाहीत, यावर तिने बोट ठेवलं. सल्लागार पूर्णवेळ असावा, हेही तिने सांगितलं. तरी मिश्रा यांच्याकडे २००४ पर्यंत दोन्ही पदं राहिली. आपल्याकडे शिफारस स्वीकारणं आणि अमलात आणणं यांत पिढी जाते. पेन्शनची कागदपत्रं घेऊन खेटे घातलेल्या तुम्हाला मी काय सांगणार!

आता समिती आणि परिषद. गंमत अशी की दोन्हीकडे मुख्य माणसं तीच : पंतप्रधान, गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थमंत्री. पण परिषदेत बसले की विचार करायचा, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत बसले की निर्णय घ्यायचा. २३ एप्रिल २०२५ ला सिंधू जलकरार स्थगित ठेवायचं ठरलं, ते समितीत. तुम्ही टीव्हीवर पाहिलीत ती हीच.

सल्लागाराचं म्हणाल, तर आमच्या साक्रीकडचं सांगतो. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर फड बागायत, म्हणजे पाणी वाटून घेऊन गटागटाने केलेली शेती, चाले. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते पंच ठरवत, पाणी सोडे पाटकरी, राखण करी जागल्या. माझे वडील पंच होते. बैठकीत कुणी पाण्याचा हिशेब मागितला की ते सरळ म्हणत, ‘पाटकरीले इचारा.’ पाटकरीला मत नव्हतं, पण पाट कुठे फुटलाय आणि कोण रात्री पाणी आपल्याकडे फिरवतोय, हे त्यालाच ठाऊक. त्याच्याशिवाय ठराव व्हायचा नाही. दिल्लीतला सल्लागार असाच वाढला. परिषद क्वचित बसते, तो मात्र रोज पंतप्रधानांच्या कानाशी असतो. हेरखात्यांची माहिती परिषदेच्या सचिवालयात येते आणि सचिवालय त्याच्या हाताखाली. २००३ मध्ये अण्वस्त्रांसाठी जी व्यवस्था झाली, तिच्या कार्यकारी परिषदेचा अध्यक्षही तोच. पण अण्वस्त्र वापरायचं की नाही, हे ठरवणाऱ्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान. दार सल्लागाराच्या हातात, हुकूम पंतप्रधानांचा. म्हणून मंत्री लागतात.

माझी तक्रार एकच. पाटकरी चुकला तर फडातले शेतकरी त्याला चावडीवर जाब विचारत. सल्लागार मात्र मंत्री म्हणून संसदेत उत्तर द्यायला उभा राहत नाही. २०१९ मध्ये सल्लागार अजित डोवाल यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला, पण दर्जा म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. त्याच्या वतीने पंतप्रधानच उत्तरदायी.

नातवासाठी एक सांगतो. परिषदेखाली सामरिक धोरण गट आहे, म्हणजे बड्या सचिवांचा आणि सेनाप्रमुखांचा गट. जुन्या पुस्तकांत त्याचे प्रमुख कॅबिनेट सचिव लिहिलेले असतील. २०१८ पासून गटाचं प्रमुखपद सुरक्षा सल्लागाराकडे आहे. शिवाय बाहेरच्या जाणकारांचं सल्लागार मंडळ वेगळं. त्याचे पहिले निमंत्रक सुब्रह्मण्यमच, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा अध्यक्ष झाले ‘रॉ’ या हेरसंस्थेचे माजी प्रमुख आलोक जोशी. मंडळ आणि गट यांची नोट्समध्ये अदलाबदल झालेली असेल, तर तेवढं पान फाडून टाका.