पंपिंग ५५ की ४५? हृदयाच्या तपासण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये टूडी इको केला, ईएफ ५५ टक्के आलं. तीन आठवड्यांनी घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात ४५. त्रास काहीच वाढलेला नाही. खरा रिपोर्ट कुठला? आता हृदयाचा एमआरआय करायला सांगितलाय. (ठाणे)

उत्तर : त्रास वाढलेला नसेल तर बहुधा वडिलांचं हृदय बदललेलं नाही, मोजण्याची पद्धत बदलली आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरल्यावर समजा १२० मिली रक्त मावतं आणि आकुंचनानंतर ५० उरतं, तर बाहेर पडलं ७०. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. हेच ईएफ, ज्याला आपण पंपिंग म्हणतो. ते शंभर कुणाचंच नसतं. इकोवर पुरुषांचं ५२ ते ७२ आणि बायकांचं ५४ ते ७४ नॉर्मल धरतात, त्यामुळे ५५ वाचून ‘हार्ट निम्मंच चालतंय’ अशी धास्ती घेऊ नका.

आता दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ईएफसमोर पद्धत काय लिहिली आहे ते बघा. ‘एम-मोड’ किंवा ‘टाइकहोल्झ’ लिहिलं असेल, तर मशीनने कप्प्याच्या वरच्या भागातून एकच रेघ मारून दोन व्यास घेतलेले असतात, बाकी सगळं सूत्राने काढलेलं. सगळ्या भिंती सारख्या हलतात असं ते सूत्र गृहीत धरतं. अटॅकनंतर नेमकं हेच खोटं ठरतं. अनेकदा हृदयाच्या खालच्या टोकाकडचा स्नायू मेलेला असतो, वरचा भाग जोरात हलत असतो, आणि रेघ त्या वरच्या भागातून गेलेली असते. आकडा मग छान येतो. वडिलांसारख्या पेशंटमध्ये या पद्धतीच्या ईएफवर विसंबू नये.

‘सिम्प्सन बायप्लेन’ लिहिलं असेल तर ते जास्त भरवशाचं. त्यात दोन दिशांनी चित्र घेतात, भरलेल्या आणि आकसलेल्या कप्प्याच्या आतल्या कडेवर रेघ फिरवतात आणि मशीन त्याच्या वीस चकत्या पाडून आकारमान काढतं. चूक इथेही होते. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा दांडा, एक बरगडी वर राहिला की खरं टोक पकडलंच जात नाही. कप्पा आखूड, गोलसर दिसतो आणि टोकाचा दोष लपतो. खरं टोक जवळजवळ जागच्या जागी असतं. चित्रात ते जाडसर आणि छान आकसताना दिसलं, तर कापच तिरका गेलेला असण्याची शक्यता मोठी. शरीर स्थूल असेल किंवा फुप्फुसं फुगलेली असतील तर कडाच नीट दिसत नाहीत. तेव्हा सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट शिरेतून देऊन इको करतात.

हे सगळं नीट केलं तरी दोन जणांच्या मोजणीत ५ ते १० अंकांचा फरक पडू शकतो. त्या दिवशीचं बीपी जास्त असेल तर ईएफ कमी दिसतं. ठोके अनियमित असतील तर एका ठोक्याचा आकडा कामाचा नाही, निदान पाच ठोक्यांची सरासरी हवी. म्हणून छापील कागदावर समाधान न मानता दोन्हीकडून हलती चित्रं सीडीवर मागून घ्या आणि एकाच हृदयरोगतज्ज्ञाला दोन्ही एकत्र दाखवा.

एमआरआयबद्दल डॉक्टरांना एवढंच विचारा : या तपासणीने उपचार बदलणार आहेत का? ईएफ ३५ च्या आसपास घुटमळत असेल आणि छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं की नाही हे ठरायचं असेल, किंवा अटॅकने स्नायूवर पडलेला व्रण किती खोल आहे हे बघून बायपासचा निर्णय व्हायचा असेल, तर एमआरआयला तोड नाही. आकारमान मोजण्यात तोच मानदंड धरला जातो, कारण तो आकार गृहीत धरत नाही. साधारण ८ मिलिमीटर जाडीचे दहा-बारा काप घेऊन प्रत्यक्ष मोजतो. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट शिरेतून दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत व्रण पांढरा उठून दिसतो. भिंतीच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा कमी व्रण असेल, तर रक्तपुरवठा सुधारल्यावर स्नायू सावरण्याची आशा असते.

पाऊण ते एक तास लागतो. दर वेळी श्वास सोडून १० ते १५ सेकंद रोखायचा असतो. वडिलांकडून चार दिवस घरी सराव करून घ्या. श्वास सुटला की चित्र धूसर होतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. स्टेंटची सहसा अडचण नसते, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड घेऊन जा. आणि एमआरआयचा आकडा जुन्या इकोशी ताडून बघू नका, एमआरआयमध्ये मुळात आकारमानंच मोठी येतात.

प्रश्न : पत्नीला स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब चालू आहे. सुरुवातीला मुगा स्कॅन झाला, आता इको सांगितलाय. चालेल का? (खारघर)

उत्तर : या औषधाने पंपिंग कमी होऊ शकतं, म्हणून ते तपासत राहतात. दोन्ही तपासण्या चांगल्या आहेत, पण मध्येच उडी मारू नये. मुगात रक्तातल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ चिकटवतात आणि ईसीजीच्या तालावर कॅमेऱ्याने किरण मोजतात. कप्प्याचा आकार गृहीत धरावा लागत नाही, म्हणून आकडा स्थिर येतो. मात्र आजूबाजूचे किरण वजा करण्यासाठी निवडलेली जागा चुकून प्लीहेवर आली, तर वजाबाकी जास्त होते आणि ईएफ खोटं वाढतं. शिवाय दर वेळी किरणोत्सर्ग आहेच आणि झडपांबद्दल काही कळत नाही. इकोत तो प्रश्न नाही, वर ‘जीएलएस’ मिळतं, म्हणजे आकुंचनात हृदयाचा स्नायू लांबीत किती टक्के आखडतो तो आकडा (आखडणं म्हणून उणे). हे बहुतेकदा ईएफच्या आधी घसरतं. ते उणे २० वरून उणे १६ झालं तर घट २० टक्क्यांची. मूळच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली की डॉक्टर सावध होतात. बदल करायचाच असेल तर एकदा मुगा आणि इको एकाच आठवड्यात करा आणि पुढची तुलना त्या इकोशीच करा, शक्यतो त्याच मशीनवर. ईएफ १० अंकांनी घसरून ५० च्या खाली आलं तर कॅन्सरच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. औषध स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : आईच्या स्ट्रेस थॅलियममध्ये ईएफ ७८ आलं. एवढं जास्त वाईट असतं का? (वाशी)

उत्तर : आई लहान चणीच्या असतील तर हा बहुधा कॅमेऱ्याचा दोष आहे. स्ट्रेस थॅलियम म्हणजे हृदयावर ताण दिल्यावर स्नायूला रक्त कसं पोचतं ते किरणोत्सर्गी पदार्थ देऊन बघणं. नाव थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच वापरतात. कॅमेऱ्याचं चित्र थोडं पसरट येतं. लहान हृदय आकसलं की समोरासमोरच्या भिंती चित्रात एकमेकींत मिसळतात आणि उरलेलं रक्त आहे त्याहून कमी मोजलं जातं. या तपासणीत बघायचं ते स्नायूला रक्त कुठे कमी पोचतंय. पंपिंगसाठी इकोचा आकडा धरा.