रौरूच्या काळातलं हायरूल कसं असेल?

हायरूल म्हणजे 'झेल्डा' व्हिडिओ गेम्समधलं काल्पनिक राज्य, आणि प्रश्न 2023 च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' या गेममधल्या त्याच्या पहिल्या राजघराण्याचा आहे. माझ्या मते ते राज्य सोयरिकीवर उभं होतं. आकाशातून उतरलेल्या झोनाई या प्राचीन जमातीतला रौरू राजा झाला, पण त्याची राणी सोनिया याच मातीतली पुजारीण. ती नसती तर लोकांनी त्याला आपलं मानलं असतं का, शंकाच आहे. झोनाई म्हणून आपल्याला रौरू आणि त्याची बहीण मिनेरू एवढेच दिसतात, म्हणजे कष्टाची कामं यंत्रमानवांकडेच असणार. भूगर्भातल्या खाणींत ते आजही उभे आहेत, झोनाइट हे खनिज घेऊन ऊर्जेचे स्फटिक देतात. मालक जाऊन युगं लोटली, तरी हिशोब चोख! ते पाहून मला फार गलबलून येतं.