नव्या संगीताची आणि चांगल्या पुस्तकांची ओढ वयाबरोबर ओसरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही अठरा वर्षांचे आहात, नवे संगीत आणि चांगली पुस्तके यांनी तुम्हाला झपाटून टाकले आहे, घरातली मोठी माणसे ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून हसतात आणि मित्रांना यात फारसा रस नाही, तर ही ओढ पुढे टिकेल का, आणि एवढ्या पसाऱ्यातून चांगले कसे निवडायचे? माझे आयुष्य ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव करण्यात गेले आहे आणि संगीत ऐकण्याचा नाद त्याहूनही जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या माणसांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करू. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना १९३२ ते १९८६ या काळातील लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवडीनुसार गुण द्यायला सांगितले. लोकांची पसंती सर्वाधिक झुकली ती ते स्वतः साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांकडे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनाही असे आढळते की, उतारवयात माणसाला आपल्या किशोरवयातील आणि तरुणपणातील आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने आठवतात. मात्र या निष्कर्षांवरून कोणत्या वयात जडलेली आवड घट्ट राहते एवढेच कळते. त्या वयानंतर नवे काही आवडूच शकत नाही, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. माझे ठाम मत असे आहे की ही ओढ वयामुळे आटत नाही, तर नव्या गोष्टीकडे दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वळण्याची सवय सुटल्यामुळे आटते. नोकरी, संसार आणि जबाबदाऱ्या यांच्या रेट्यात माणूस अपरिचित संगीताला एकच संधी देतो, ते पटकन भिडले नाही की बाजूला सारतो आणि ओळखीच्या गाण्यांकडे परततो. काही वर्षांनी तोच म्हणतो की हल्ली चांगले संगीत होतच नाही.

पहिल्या ऐकण्यात नवे संगीत पूर्णपणे आवडावे, ही अपेक्षाच रास्त नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी अनोळखी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी माणसाला ती अधिक आवडू लागते. डॅनियल बर्लाइन यांनी कलास्वादाच्या अभ्यासातून याची दुसरी बाजू मांडली: फार सोपी किंवा फार सरावाची झालेली गोष्ट कंटाळा आणते, फार गुंतागुंतीची आणि सर्वस्वी अपरिचित गोष्ट मनाला पेलत नाही, आणि आनंद या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सापडतो. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. सोपे गाणे पहिल्याच ऐकण्यात त्या पट्ट्यात असते आणि लवकरच त्यातून बाहेर पडते. घट्ट विणीचे संगीत तिथे पोहोचायला चार-पाच वेळा ऐकावे लागते, पण एकदा पोहोचले की ते कितीतरी वर्षे तिथून हलत नाही.

यामागे मेंदूत काय घडते, याचाही काही उलगडा झाला आहे. व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियल येथे केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात अशा लोकांना त्यांनी त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवले आणि त्या वेळी मेंदूतील हालचाली टिपल्या. आवडती जागा प्रत्यक्ष आल्यावर मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे रसायन स्रवते, हे अपेक्षितच होते. पण ती जागा येण्याच्या आधीच्या क्षणांतही, दुसऱ्या एका भागात, ते स्रवत होते. म्हणजे संगीताच्या आनंदाचा मोठा वाटा चाहुलीत असतो, आणि पुढे काय येणार याची थोडीतरी कल्पना असल्याखेरीज चाहूल लागत नाही. २०१३ च्या पुढील प्रयोगात याच गटाने लोकांना अनोळखी संगीत ऐकवले आणि ते विकत घेण्यासाठी स्वतःचे किती पैसे द्याल, असे विचारले. आनंदाशी संबंधित केंद्र आणि श्रवणाची केंद्रे यांच्यातील देवाणघेवाण ज्या रचनेच्या वेळी अधिक होती, त्या रचनेसाठी लोक अधिक पैसे मोजायला तयार होते. नव्याचा आनंदसुद्धा कानात आधी साठलेल्या ऐवजावर अवलंबून असतो, असा याचा अर्थ मी घेतो.

म्हणूनच नव्या प्रकारचे संगीत ऐकू लागलात की पहिले काम एवढेच करावे: ते परत कुठे येते, हे शोधावे. ख्याल ऐकताना त्रितालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवरची ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची जागा, आणि पहिल्या मात्रेवरची सम एवढे ओळखू येऊ लागले की गायक समेवर कसा येणार याची उत्सुकता आपोआप लागते, आणि जो विस्तार आधी दिशाहीन वाटला होता त्यात ताण आणि सुटका जाणवू लागते. ब्लूज या संगीतप्रकारात बारा मापांचे (बारचे) एक आवर्तन असते, त्याच्या सर्वांत परिचित रूपात तीनच स्वरसंगती (कॉर्ड) असतात, आणि गाण्याची पहिली ओळ बहुधा दुसऱ्यांदा म्हटली जाऊन तिसरी ओळ तिला उत्तर देते; हे एकदा मोजून पाहिले की पुढे मोजावे लागत नाही. जॅझच्या पुष्कळ रचनांत आरंभी मूळ धून येते, मग एकेक वादक तिच्यावर स्वतःचे सुचेल ते वाजवतो, आणि अखेरीस धून परतते. एवढ्याशा माहितीने ऐकण्यात जो फरक पडतो तो मी अनेक तरुणांच्या बाबतीत पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा मला तितकाच आनंद होतो.

अल्बम मिळत असेल तर निदान एकदा तो क्रमाने पूर्ण ऐकावा, असा माझा आग्रह आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे संगीत मावत असे. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी बाजारात आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. त्यानंतर कोणते गाणे आधी ठेवायचे, बाजू कशावर संपवायची, याचा विचार कलावंत करू लागले. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवली की तो विचार पुसला जातो.

आता निवडीविषयी. ऐकण्याच्या ॲपमध्ये जी शिफारस येते तिचा एक मोठा आधार असा असतो की, तुमच्यासारखी आवड असलेल्या इतरांनी काय ऐकले ते तुम्हाला सुचवावे. १९९४ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात तयार झालेली ‘रिंगो’ ही प्रणाली हेच काम ईमेलद्वारे करत असे. ही सोय मी वापरतो आणि तिच्यामुळे मला चांगले संगीत मिळालेही आहे, पण तिच्या स्वरूपामुळेच ती तुम्हाला तुमच्या आवडीच्या शेजारीपाजारीच फिरवत राहते. दूर जायचे असेल तर माणसांच्या नावांचा माग काढावा. आवडलेल्या ध्वनिमुद्रणात तबला, बास किंवा व्हायोलिन कोणी वाजवले आहे ते पाहावे आणि त्या वादकाने आणखी कोणाला साथ केली आहे ते ऐकावे. पुस्तकांत हेच काम अनुवादक करतो: एखाद्या अनुवादकाची भाषा आवडली तर त्याने निवडलेली इतर पुस्तके घ्यावीत, कारण निवड करताना त्याने आपल्या कितीतरी पट वाचलेले असते. आणि जी मोठी माणसे तुम्हाला हसतात त्यांना, त्यांच्या विशीत ती काय ऐकत आणि वाचत होती, हे मनापासून विचारा. त्यांचे जुने संगीत तुमच्या कानांना नवेच असेल.

पुस्तक चांगले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रतिष्ठित यादी हाताशी असणे पुरेसे नसते, कारण यादीमुळे आदर वाटतो, गोडी लागत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक पान मोठ्याने वाचावे. लेखकाने वाक्यावर मेहनत घेतली असेल तर ती जिभेला कळते, आणि नुसतीच शब्दांची भर असेल तर श्वास अडखळतो. दुसरे असे की, पुस्तक संपल्यानंतर महिनाभराने त्यातले काय उरले आहे ते तपासावे. कथानक विसरले तरी चालेल, पण एखाद्या माणसाचे वागणे, एखादा युक्तिवाद किंवा एखादी पाहण्याची रीत मनात काम करत राहिली असेल, तर ते पुस्तक तुमच्यासाठी चांगले होते. जे पुस्तक संपेपर्यंत खाली ठेवता आले नाही पण आठवडाभरात मनातून पुसले गेले, त्याने करमणूक केली, आणि करमणुकीचीही माणसाला गरज असते. फक्त या दोन आनंदांची गल्लत होऊ देऊ नये.

अर्धवट राहिलेल्या पुस्तकांबद्दल तरुण वाचकांना फार अपराधी वाटते, हे मी ग्रंथालयात नेहमी पाहतो. पुस्तक परत करताना ‘पूर्ण झाले नाही’ हे वाक्य ते खालच्या आवाजात म्हणतात. त्याची काहीही गरज नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दोन अशी आहेत की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी त्यांत वयाचाही विचार धरतो: जे पुस्तक अठराव्या वर्षी तुमचे नसते, ते तिसाव्या वर्षी तुमचे होऊ शकते. कंटाळा आला तर पुस्तक मिटावे, पण त्याचे नाव आणि कोणत्या पानावर थांबलात ते लिहून ठेवावे आणि काही वर्षांनी ते पुन्हा उघडावे. संगीताला आठवड्यात पाच संधी देता येतात, पुस्तकाला तेवढ्यासाठी आयुष्याचा बराच काळ लागतो, एवढाच काय तो फरक. आवडलेली पुस्तकेही पुन्हा वाचावीत, कारण पुढे काय घडणार हे ठाऊक झाल्यावरच ते कसे घडवून आणले आहे याकडे लक्ष जाते.

वाचताना संगीत लावण्याची तुमची सवय असेल तर एवढेच सांगतो की, ज्या गाण्यांचे शब्द तुम्हाला समजतात ती वाचनात अडथळा आणतात. नव्या संगीताला तर स्वतंत्र वेळ दिलेलाच बरा.

ऐकल्या-वाचल्याची एक वही ठेवावी. तिच्यात पाचपैकी किती तारे असे गुण देऊ नयेत. नेमके काय आवडले किंवा खटकले, ते एका वाक्यात लिहावे. ‘छान’ या शब्दाच्या पुढे जाण्याची सक्ती केली की पुढच्या खेपेस तुम्ही अधिक लक्षपूर्वक ऐकता.

मित्रांचे म्हणाल तर, त्यांना पन्नास गाण्यांची यादी पाठवू नका. एका वेळी एकच गाणे द्यावे, त्यातली कोणती जागा ऐकायची तेवढे सांगावे, आणि मग ऐकलेस का, वाचलेस का, असा तगादा लावू नये. त्यांच्याकडूनही एक गाणे मागून घ्या, आणि ते पहिल्यांदा उथळ वाटले तरी दुसऱ्यांदा ऐकून मगच त्यांना तुमचे मत सांगा.